पाट्याचं पाणी

अमेरिकेतल्या या ईडन प्रेरीत दगड दुकानात मिळतो. जाळीच्या पिशवीत भरलेला, गोल, गुळगुळीत, बागेत झाडाच्या बुंध्याशी मांडायला. इथे आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मुलाबरोबर अशा एका दुकानात गेले होते. जाळीतून बोट घालून मी एक दगड चाचपला आणि त्याला म्हटलं, हा नदीतला आहे रे, याचा पाटा व्हायचा नाही. तो म्हणाला, "आई, शोभेचे आहेत ते." त्याच्या आजोबांचा जन्म दगड घडवण्यात गेला आणि हा डिकीत शोभेचे दगड भरत होता. मला हसू आलं. घरी येऊन खोलीचं दार लावल्यावर मात्र रडू आलं, आणि कशाचं ते त्या दिवशी मला सांगता आलं नसतं.

आता थोडंफार सांगता येईल असं वाटतं. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील पाथरवट. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी, टेकडीवर खाण. पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवायची, आणि पावसाळा सोडून बाकीचं वर्ष गावोगाव फिरून झिजलेल्या पाट्यांना टाकी लावायची, हे त्यांचं काम. ज्यांनी पाटा वापरला नाही त्यांच्यासाठी सांगते. वापरून वापरून पाटा गुळगुळीत होतो. मग मिरची त्यावर नुसती घसरते, वाटली जात नाही. तेव्हा टोकदार छिन्नीनं, तिलाच टाकी म्हणतात, पाट्यावर बारीक खड्डे पाडून तो पुन्हा खरबरीत करायचा. खड्डे सारखे पडायला हवेत. एक खोल आणि एक उथळ झाला तर वाटण एकसारखं होत नाही, आणि पाट्याची मालकीण दुसऱ्या दिवशी शिव्या घालत शोधत येते.

मी सातवीत असताना वडिलांच्या उजव्या डोळ्यात कपची उडाली. डोळा गेला. एका डोळ्याला खोलीचा अंदाज येत नाही, टाकी किती उतरली ते कळत नाही. म्हणून मी शाळा सोडून त्यांच्याबरोबर फिरायला लागले. ते टाकी मारायचे आणि मी तळहात फिरवून सांगायचे, इथं अजून हवंय, इथं बास, काठाला राहिलंय. काम झालं की चिमूटभर तांदूळ वाटून तो दातांखाली धरून पाहायचा, कच लागते का. लागली तर पुन्हा धुवायचं. शाळा सुटल्याचं तेव्हा मला काही वाईट वाटलं नव्हतं. ते पुढे वाटलं, बँकेतले, दवाखान्यातले, विमानतळावरचे फॉर्म समोर आल्यावर.

आई एका बाबतीत फार कडक होती. पाटा उष्टा ठेवायचा नाही. वाटण काढलं की पाटा-वरवंटा तिथल्या तिथे धुवायचा, मग दारात पाहुणा येवो की चुलीवर दूध उतू जावो. आणि ते पाणी टाकायचं नाही, आमटीत घालायचं, कारण अर्धी चव त्या पाण्यात असते. वडिलांचा नियम वेगळा होता पण तिथेच यायचा. टाकी लावून झाल्यावर दगड धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, गाळ बसून मोरी तुंबते. घमेल्यात तसंच राहू द्यायचं. त्यामुळे पाट्याचं पाणी फेकायला आमच्या घरात कुणाचाच हात उचलायचा नाही.

आईचा स्वतःचा पाटा वडिलांनी शेवटचा टाकवला तो माझ्या लग्नाच्या आदल्या महिन्यात. माझा तळहात त्यावर शेवटचा फिरला तो तेव्हाच. पुढे घरात मिक्सर आला आणि पाटा सणासुदीलाच निघायचा.

आई दीड वर्षापूर्वी गेली. माझ्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा अडकलेले होते. मुलानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर परत येता येईलच असं सांगता येत नाही. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, आई, तू सांगशील तसं. मी गेले नाही. सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. पाठच्या भावाच्या हातात फोन होता. कार्ड आलं ते त्यानंतर तीन महिन्यांनी. अजूनही मी ते दिवसातून तीनदा पर्समध्ये आहे ना ते बघते. या देशानं मला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात बस थांबते तेव्हा ड्रायव्हर पायरी खाली करून देतो, पडाल म्हणतो. मला त्याचे आभारच मानावेसे वाटतात, आणि भीतीही वाटते. दोन्ही एकाच वेळी.

काम मला शेजारच्या काकूंच्या ओळखीनं मिळालं. इथून दोन बस बदलून एक कॉलेज आहे, तिथे झाडलोट. मुलाला ते फारसं आवडलं नव्हतं. सुनेनं त्याला गप्प केलं. ती म्हणाली, "त्यांना दिवसभर डिशवॉशरकडे बघत बसवायचंय का?" कॉलेजातल्या खालच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. ट्रेच्या ट्रे, त्यात खापरं, दगड, हाडांचे तुकडे. पहिल्या दिवशी मी केरसुणी तशीच धरून उभी राहिले. खोलीभर दगडाचा ओला वास होता. इतक्या वर्षांत इथे कुठेच तो मला आला नव्हता.

त्या खोलीच्या प्रमुख एक वयस्क प्रोफेसर होत्या. मी त्यांना मनात बाई म्हणते, शाळेत म्हणायचे तसं. मेक्सिकोच्याही खाली असलेल्या एका देशात, डोंगरमाथ्यावर, हजारेक वर्षांपूर्वीच्या दगडी वस्तीचे अवशेष आहेत, तिथे बाई दर वर्षी खोदकामाला जातात. भिंतीवर त्या डोंगराचा मोठा फोटो होता. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवून उभ्या केलेल्या भिंती, कमरेएवढ्या उरलेल्या, आणि मधे वाळलेलं गवत. आमच्या टेकडीवर खाणकामगारांनी आडोशाला रचलेल्या भिंती अगदी अशाच होत्या. ईडन प्रेरीत चढ म्हणून जो दाखवतात तो चढताना दमसुद्धा लागत नाही. मी रोज त्या फोटोखालचा केर जरा सावकाश काढायचे.

बाईंच्या हाताखाली एक मराठी मुलगी पीएचडी करत होती. नागपूरची, बौद्ध, घरातून परदेशी शिकायला आलेली पहिलीच. तिच्या टेबलावर बुद्धाची बोटभर मूर्ती होती. मी पहिल्यांदा ती पुसली तेव्हा बोलून गेले, ही ओतीव आहे, घडीव नाही. मुलगी खुर्चीतल्या खुर्चीत वळली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?" तिथून आमचं बोलणं सुरू झालं. डबा आम्ही एकत्र खायला लागलो. ती माझ्या भाकरीवर तुटून पडायची आणि म्हणायची की तुमच्याकडचा ठेचा म्हणजे लहान मुलांचा खाऊ, तिखट खायचं तर आमच्या सावजीकडे या.

तिनंच बाईंना माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. बाईंनी मला एक खापर धुवायला दिलं, मी कसं धुते ते बघितलं, आणि आठवड्यातून दोन दुपारी मला धुण्याच्या कामावर घेतलं. टबात पाणी, मऊ दातघासणी, ताटलीत वाळत घालायचं. ज्या ट्रेला लाल रिबन बांधलेली असेल त्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम. घरी येऊन सुनेला सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका वर गेला होता की नात खोलीतून बाहेर आली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, आजीला बरं वाटत नाही का.

जेड म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं. हिरवा, जड, थंड दगड. त्या डोंगरावरच्या लोकांचे मणी आणि कानातली कुंडलं त्याची असायची. बाईंनी मला एक न घडवलेला तुकडा हातात दिला. मी नखानं, मग बांगडीनं ओरखडून पाहिलं आणि मुलीला म्हटलं, बाईंना सांग, माझ्या वडिलांची टाकी यावरून घसरली असती. बाई हसल्या. म्हणाल्या, बरोबर आहे, याला तोडता येत नाही, नुसतं झिजवता येतं. त्या लोकांकडे लोखंड नव्हतं. दगडावर ओली वाळू टाकायची आणि दोरीनं किंवा पोकळ हाडानं ती वाळू घासत राहायची. एका मण्याला भोक पाडायला किती दिवस लागत असतील, कुणास ठाऊक. जेड सापडतो तो खाली नदीकाठाला. मग तो एवढा वर वाहून नेऊन डोंगरावर का घडवायचे, हा बाईंचा प्रश्न होता. त्यांनी सहज मलाही विचारला. मी म्हटलं, वाऱ्यासाठी. दगडाचा धुरळा छातीत जातो, आमचे लोक खोकून खोकून गेले, म्हणून वडील नेहमी खाणीच्या वरच्या अंगाला बसून काम करायचे. मुलीनं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी वहीत लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की त्या दोन दुपारी मला काय होत्या ते कळावं. या देशात मी ज्या ज्या ठिकाणी पाय ठेवते तिथे मला काही येत नाही. फक्त त्या खोलीत येत होतं.

गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार. बाहेर बर्फ पडून गेलं होतं आणि ऊन होतं. बाई मीटिंगला गेल्या होत्या, मुलगी वर्गावर. नवीन खोकं आलं होतं आणि त्यातली एक वस्तू काढून टेबलावर ठेवलेली होती. मी दारातूनच बघितली आणि थबकले. पाटा होता. हातभर लांब, काळपट, मधे खोलगट झालेला, एका बाजूनं जास्त झिजलेला. वाटणारी बाई एका हातावर जास्त जोर देते तेव्हा झिजतो तसा. आणि त्याच्या खड्ड्यांत फिकट हिरवं काहीतरी वाळून बसलं होतं. थेट कोथिंबिरीची चटणी वाटून कुणी पाटा तसाच टाकून कामाला निघून गेलंय, असा.

मी विचार केला असं म्हणण्यात अर्थ नाही. मी त्यावर हात ठेवला. खड्डे बोटांना लागले, बारीक, सारखे, कुणीतरी मन लावून पाडलेले. डोळ्यात पाणी आलं. उष्टा पाटा, एवढंच डोक्यात आलं, तेही आईच्या आवाजात. टबात ठेवून मी त्यावर मगानं पाणी सोडलं आणि घासायला लागले. हिरवं पाणी सुटायला लागलं. मला फार बरं वाटत होतं, ते कबूल करायला हवं. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

तीनातले दोन वाटे धुऊन झाले असतील तेव्हा अंगठ्याखाली कच लागली. मातीची कच मऊ असते, पाण्यात विरते. ही टोचली. मी सवयीनं बोट दातांखाली धरलं. करकरीत, कोपरे असलेली कच. नदीची वाळू अशी नसते, ती गोल असते. आणि मग मला समजलं की ही चटणी नाही, हा मसाला नाही, हे जेड घासताना राहिलेलं आहे. हजार वर्षांपूर्वी कुणी तरी हात थांबवला आणि उठून गेलं, ते इथपर्यंत तसंच आलं होतं, आणि मी ते धुऊन काढलं होतं.

तेव्हा मला टेबलाच्या कडेला ट्रे दिसला. त्याला लाल रिबन होती. पाटा ट्रेमधून काढून बाजूला ठेवलेला होता, पण रिबन तिथेच होती, हातभर अंतरावर, आणि मी पाट्याखेरीज काहीच पाहिलं नव्हतं.

पाटा मी टॉवेलवर काढून ठेवला. टब उचलला आणि सिंककडे नेला. पाणी ओतलं की निदान हिरवं पाणी तरी कुणाला दिसणार नाही, असा विचार मनात आला होता, खोटं कशाला सांगू. पण सिंकवर टब तिरका करताना हात अडकला. दगडाचं पाणी मोरीत जात नाही. तो विचार नव्हता, हाताची सवय होती. मी टब खाली फरशीवर ठेवला, भिंतीला लावून, आणि स्टुलावर बसले. पर्स उघडून कार्ड बघितलं.

मुलगी आली ती हसतच. मग तिनं पाटा बघितला. ती इतकंच म्हणाली, "मावशी, असं काहून केलं तुम्ही?"

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं झालं असतं. ती पाट्यापुढे वाकून उरलेला हिरवा भाग बघत होती आणि मधेमधे मला सांगत होती, तुटक तुटक. तो पाटा तिच्या प्रबंधासाठी आणला होता. त्या देशाकडून महिनोन् महिने पत्रव्यवहार करून, परत द्यायच्या बोलीवर. सोमवारी ती त्यावर दोऱ्यानं चौकटी आखणार होती आणि एकेका चौकटीतला गाळ वेगळा काढणार होती. कुठली वाळू वापरली, ती कुठून आणली, माणूस कुठल्या अंगाला बसून घासायचा, सगळं त्या गाळात होतं. या वर्षीचं तिचं सगळं काम त्यात होतं. तिचा व्हिसा कामाशी बांधलेला, काम पाट्याशी. तेवढं मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माणूस कागदाशी बांधलेला असला की कसा झोपतो ते मला माहीत आहे.

मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. बाईंची पावलं जिन्यावर वाजली तशी तिनं माझ्या हातातली दातघासणी काढून घेतली आणि हळू म्हणाली, "मी म्हणते, मीच धुतला. मला फार तर ओरडतील. तुमचं काम जाईल."

मी गप्प राहिले. दोन जिने बाई चढून, नाही, उतरून आल्या, तेवढा वेळ मी गप्प होते. मला ते चाललं असतं. आईला जाऊन भेटता आलं नाही ते कार्डासाठी, ज्या कार्डासाठी एवढं केलं त्यावर मिळालेलं हे काम, ते जाऊ नये असं मला वाटत होतं, आणि माझ्या मुलाहून लहान मुलगी समोर दातघासणी घेऊन उभी होती. हा गप्प राहिल्याचा वेळ मी अजून स्वतःला माफ केलेला नाही. मुलीला तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अर्ध्या मिनिटाचा काय हिशोब ठेवता.

बाई आत आल्या. मुलीनं तोंड उघडलं. त्याआधी मी उठले आणि मला येतं त्या इंग्रजीत म्हटलं, "आय वॉश. नॉट शी. आय."

बाईंनी पाट्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला तसा मी कुणाचा उतरलेला पाहिला नाही. खुर्ची ओढून त्या बसल्या. मग त्यांनी विचारलं, पाणी कुठे आहे. मुलीचा हात आपोआप सिंककडे गेला आणि ती रडायला लागली. मी भिंतीशी गेले आणि टब दाखवला.

गाळ तोवर खाली बसला होता. वर नितळ पाणी आणि तळाला फिकट हिरवा थर, पेढ्याएवढा. बाई गुडघ्यांवर बसल्या, टबापाशी, त्या वयात. त्यांनी मला विचारलं की हे टाकलं का नाहीस. मी मुलीला म्हटलं, सांग त्यांना, आम्ही पाट्याचं पाणी टाकत नाही. मुलीनं रडत रडत ते सांगितलं, आमटीचं, मोरीचं, माझ्या आईवडिलांचं, सगळं. बाईंना किती कळलं कोण जाणे. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

पण झालं ते झालं होतं. बाईंनी ते गोड करून सांगितलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. गाळ मिळाला, पण तो पाट्यावर कुठे होता ते गेलं. माणूस कुठल्या अंगाला बसायचा ते आता एका वाट्यावरून सांगावं लागणार होतं, तीन वाट्यांवरून नाही. त्यांनी वहीत सगळं लिहिलं, कोणी धुतलं, कसं, पाणी का ठेवलं. मग वही माझ्यापुढे सरकवली. एवढ्या मोठ्या कॉलेजच्या वहीत माझं नाव आलं ते असं. मी सही मराठीत केली. दुसऱ्या कुठल्या लिपीत मला सही येतच नाही.

गाळ वाळवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा मला बोलावलं. हिरव्या पिठात तांबूस कण होते, खडीसाखरेसारखे कोपरे असलेले. मुलीनं मला हळूच विचारलं, दातांखाली लागले ते हेच का. मी मान डोलावली. तिनं ते बाईंना सांगितलं. दातांचं ऐकून बाईंनी डोळे मिटले आणि मग त्या हसल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. तांबूस वाळू त्या नदीत नसते म्हणे. कुठून आणायचे ते मुलगी आता शोधते आहे. तिचं वर्ष वाचलं, निम्मं तरी. तिनं नवीन आराखडा केला आणि तो मंजूर झाला.

माझं धुण्याचं काम बंद झालं. झाडलोट राहिली. बाईंनी ते सांगताना माझ्याकडे पाहून सांगितलं, मुलीकडे पाहून नाही. मी सगळा मार्च महिना ट्रेंच्या बाजूनं केर काढला, हात पाठीशी ठेवल्यासारखा. एप्रिलमध्ये त्यांनी मला पुन्हा खापरं दिली. दगड अजून दिलेले नाहीत. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिले नसते. पण टबात खापरं धुताना नजर जाते. तो पाटा आता कपाटात आहे, पुढच्या वर्षी त्याच्या डोंगरावर परत जाणार आहे. त्याला परत जायचे कागद मिळालेले आहेत, हे ऐकून मला मेलीला हेवा वाटला.

त्यानंतरच्या एका रविवारी गावी फोन केला. इथे सकाळ, तिकडे संध्याकाळ. भावजयीनं उचलला. घराला नव्या फरशा घालायचं काढलं होतं, सगळं सामान अंगणात होतं. बोलता बोलता ती म्हणाली की दारामागे आईंचा पाटा सापडला, आम्ही विसरूनच गेलो होतो त्याला. चांगला सोडा लावून घासते आणि गोणपाटात बांधून ठेवते, तुम्ही याल तेव्हा घेऊन जा.

मी म्हटलं, जरा दाखव. तिनं फोन वळवला. पडद्यावर आधी अंगण, मग तुळशीजवळची बादली, मग पाटा. मी तिला फोन जवळ न्यायला सांगितलं. अजून जवळ. वडिलांच्या टाकीचे खड्डे दिसले, सारखे, काठाला एक ओळ जरा उथळ, तिथे मी बास म्हणायची घाई केली होती. आणि मधल्या खड्ड्यांत पिवळं होतं. हळद होती की खोबरं-मिरचीचं काही, पडद्यावरून कळत नव्हतं. शेवटच्या महिन्यांत आईला उठवत नव्हतं. तिनं बसल्या जागीच वाटून झाल्यावर धुवायला पाणी मागितलं असेल, कुणी दिलं नसेल, किंवा मागायचं राहून गेलं असेल. तिच्या आयुष्यात तिचा पाटा एकदाच उष्टा राहिला आणि मी तो बघत होते.

भावजयीनं बादली ओढली. मी म्हटलं, "नको. धुऊ नकोस."

"अहो ताई, उष्टा आहे की. आईंनी मला फाडून खाल्लं असतं."

"खाऊ दे. तू तसाच बांध."

मग कशात बांधू, ती म्हणाली. मी विचारलं, आईचं एखादं लुगडं राहिलंय का. ती आत शोधायला गेली आणि फोन पाट्यावरच ठेवून गेली, उताणा. पडद्यावर आभाळ होतं, टेकडीची कड होती, आणि फोन वाऱ्यानं डुलला की खालून पाट्याचा दगड त्याला घासल्याचा बारीक आवाज येत होता. ती परत येईपर्यंत मी तो ऐकत बसले.